कोरे पत्र आणि बोलके यंत्र

छत्रपती संभाजीनगर शहराच्या पूर्व अंगास मुकुंदवाडी नावाची वस्ती आहे. एके काळी ते निराळे खेडे होते. शहर वाढत वाढत त्याच्यापर्यंत आले आणि त्यास पोटात घेऊन पुढे चिकलठाण्याच्या कारखान्यांकडे निघून गेले. वस्तीजवळून मनमाडहून जालन्याकडे जाणारा लोहमार्ग जातो व त्यावर मुकुंदवाडीचे लहानसे स्थानक आहे. एरवी या स्थानकाकडे कोणाचे विशेष लक्ष जाण्याचे कारण नव्हते. परंतु २०१९ साली त्याची हकीकत परदेशांतही वाचली गेली.

त्या भागात लागोपाठ दुष्काळ पडले होते. ज्यांच्या घरी नळ नव्हता, अशा गरीब कुटुंबांतील काही मुले शाळा सुटली की रिकामी भांडी घेऊन आगगाडीत चढत. शहराच्या मुख्य स्थानकावर ती उतरत, तेथे पाणी भरत आणि भरलेल्या घागरी घेऊन परतीच्या गाडीने घरी येत. जाऊन-येऊन हा प्रवास सुमारे १४ किलोमीटरांचा होता. गाडीत गर्दी असे. घागरी दाराजवळ ठेवल्या नाहीत, तर गाडी थांबताच त्या झटपट उतरवणे शक्य होत नसे. आणि दाराजवळ ठेवाव्या, तर इतरांची वाट अडे. काही प्रवासी कुरकुर करीत. काही मात्र आपण होऊन हात पुढे करीत.

मुलांवर असा प्रसंग पुन्हा कधी येऊ नये, हे तर उघडच आहे. तथापि त्या प्रसंगी कोणकोणते गुण उपयोगी पडतात, हे पाहण्यासारखे आहे. घागर उचलण्यास बळ लागते. पण रागावलेल्या प्रवाशाशी कसे बोलावे, 'काका, जरा हात लावता का?' हे कोणास विचारावे, आपली पाळी येईपर्यंत धीर कसा धरावा आणि बरोबरच्या लहानग्याची घागर आधी कशी उतरवून घ्यावी, या गोष्टी बळाने साधत नाहीत. त्यांसाठी समोरच्या माणसाचा चेहरा वाचता यावा लागतो आणि आपल्या जिभेवर व मनावर ताबा असावा लागतो.

माणसांत वावरताना लागणाऱ्या या गुणांस आज 'मृदू कौशल्ये' असे म्हणतात. 'सॉफ्ट स्किल्स' या इंग्रजी शब्दांचे हे मराठी रूप होय. या शब्दांचा इतिहास मोठा मौजेचा आहे. १९७० च्या आसपास अमेरिकेच्या सैन्यातील प्रशिक्षक सैनिकांस कोणकोणती कामे शिकवावी लागतात, याचा विचार करीत होते. यंत्रे चालवणे व शस्त्रे हाताळणे ही कामे त्यांनी एका बाजूस ठेवली. माणसांशी वागणे, त्यांस वळण लावणे, त्यांच्याकडून काम करून घेणे ही दुसऱ्या बाजूस ठेवली आणि या दुसऱ्या गटास 'मृदू' हे विशेषण दिले. १९७२ साली त्यांनी या विषयावर एक परिषदही भरवली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने १९९० नंतरच्या दशकात मुलांसाठी दहा जीवनकौशल्ये सांगितली. परिणामकारक संवाद, समानुभूती, इतरांशी चांगले संबंध ठेवणे, भावना आवरणे ही त्यांपैकीच होत. नावे नवी असली तरी गुण जुने आहेत. आपल्या आजी-आजोबांनी त्यांस समजूतदारपणा, तारतम्य आणि माणुसकी असे म्हटले.

यंत्राशी ज्यांचा संबंध नाही ती मृदू कौशल्ये, असा हा हिशेब पन्नास वर्षे चालला. मग तो एकाएकी बिघडला. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय या अमेरिकन संस्थेने 'चॅटजीपीटी' नावाचा संगणकीय कार्यक्रम सर्वांस खुला केला. त्यास प्रश्न विचारावा, तो उत्तर देतो. पत्राचा विषय सांगावा, तो पत्र लिहून देतो. पाठोपाठ दुसऱ्या संस्थांनीही असेच कार्यक्रम आणले. ते मराठीही लिहितात. क्षमा मागणे, आभार मानणे, सांत्वन करणे, रुसलेल्याची समजूत घालणे ही कामेही माणसे आता त्यांच्याकडून करून घेऊ लागली आहेत. नवा मजकूर रचणाऱ्या या कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे माणसाच्या मृदू कौशल्यांचे काय होईल, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

प्रथम हे यंत्र बोलते कसे, ते पाहू. 'उन्हातून आलेल्या पाहुण्यास प्रथम प्यावयास' एवढेच शब्द फळ्यावर लिहिले, तर वर्गातील कोणीही 'पाणी द्यावे' असे म्हणून वाक्य पुरे करील. यंत्र हेच करते. पुस्तके, लेख, संभाषणे अशा अफाट मजकुरावरून कोणत्या शब्दांमागे कोणते शब्द येण्याचा संभव अधिक, याचे गणित त्यास शिकवलेले असते. त्या गणिताच्या आधारे ते शब्दापुढे शब्द ठेवीत जाते. पुढे अनेक माणसे त्याची उत्तरे तपासून कोणते बरे व कोणते वाईट, ते सांगतात. त्यावरून त्याचे गणित पुन्हा सुधारले जाते. त्याच्या बोलण्यातील सभ्यपणा हा असा माणसांकडूनच उसना घेतलेला असतो. 'पाणी' हा शब्द त्याने अगणित वेळा हाताळलेला आहे. तहान मात्र त्यास एकदाही लागलेली नाही. घागरीचे ओझेही त्यास ठाऊक नाही.

असे असूनही माणसास त्याचे बोलणे खरे वाटू लागते. १९६६ साली अमेरिकेतील प्राध्यापक जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाच्या एका साध्या कार्यक्रमाची माहिती प्रसिद्ध केली. बोलणाऱ्याचेच शब्द थोडे फिरवून तो प्रश्नरूपाने परत करी. याहून अधिक त्यास काही येत नसे. तरी वायझेनबॉम यांची चिटणीस त्या कार्यक्रमाशी बोलण्यात इतकी रमली की, 'आपण जरा खोलीबाहेर जाता का?' असे तिने त्यांनाच सुचवले. आपण बनवलेल्या यंत्राजवळ माणसे इतक्या चटकन मन मोकळे करतात, हे पाहून ते प्राध्यापक चिंतेत पडले आणि पुढे जन्मभर लोकांस सावध करीत राहिले.

तथापि नव्या साधनाकडे केवळ भीतीने पाहणे शहाणपणाचे नव्हे. या यंत्राचा उपयोगही आहे, आणि तो मोजून पाहिलेला आहे. एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी ऐकून उत्तरे देणारे सुमारे पाच हजार कर्मचारी होते. कोणत्या तक्रारीस कसे उत्तर द्यावे, हे सुचवणारे यंत्र त्यांच्यापैकी अनेकांच्या हाताशी देण्यात आले. या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. कर्मचारी एका तासात सरासरी सुमारे १४ टक्के अधिक तक्रारी सोडवू लागले. जुन्या व कुशल माणसांस फारसा लाभ झाला नाही. नवख्यांस मात्र सर्वांत अधिक झाला. ग्राहकांची भाषाही सौम्य झाली. याचे कारण असे की, अनुभवी माणसे चिडलेल्या ग्राहकाशी ज्या शब्दांत बोलत, ते शब्द यंत्राने उचलले होते आणि तेच ते नवख्यांस सुचवीत होते. आणखी एक गोष्ट लक्षात आली. मध्येच यंत्र बंद पडले, तेव्हाही त्याच्या सूचना मन लावून अनुसरणारे कर्मचारी पूर्वीपेक्षा चांगले काम करीत राहिले. म्हणजे ते त्यातून काही शिकले होते.

परंतु शिकणे नेहमीच घडते, असे नाही. तुर्कस्तानात सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर केलेल्या एका प्रयोगाचा वृत्तांत २०२५ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांस गणिताच्या सरावासाठी बोलके यंत्र मोकळेपणाने वापरू दिले. सरावात त्यांची कामगिरी इतरांहून ४८ टक्क्यांनी सरस ठरली. पुढे यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा हीच मुले यंत्र कधीच न वापरलेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. आणखी एका गटास असे यंत्र दिले होते की, ते तयार उत्तर न देता केवळ दिशा दाखवी. त्या मुलांचे असे नुकसान झाले नाही. हा प्रयोग गणिताचा असला, तरी त्याचा बोध संवादासही लागू पडतो. पोहणाऱ्याच्या कमरेस बांधलेला भोपळा आणि पोहणाऱ्यास पाठीवर घेऊन जाणारी नाव यांत जो भेद आहे, तोच येथे आहे. भोपळा एक दिवस सोडता येतो. नावेत बसणाऱ्याचे हातपाय मात्र कधी हलतच नाहीत.

संवादात आणखी एक अडचण असते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली आपला एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन माणसे संगणकावरून एकमेकांशी बोलत असता यंत्र त्यांस तयार उत्तरे सुचवी. त्यामुळे बोलणे जलद झाले आणि भाषा अधिक गोड झाली. पण 'समोरचा यंत्राचे शब्द वापरीत आहे' असा संशय ज्याच्याविषयी आला, त्यास लोकांनी कमी सहकार्य करणारा मानले. शब्द गोड असले तरी ते आपल्यासाठी कोणी शोधलेले नाहीत, अशी शंका आली की त्यांची गोडी ओसरते.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी याचा प्रत्यय साऱ्या जगास आला. गूगल कंपनीने आपल्या 'जेमिनी' या यंत्राची एक जाहिरात दाखवली. एका लहान मुलीस सिडनी मॅक्लॉफ्लिन-लेव्हरोन या विख्यात धावपटूस पत्र पाठवायचे असते. तिचे वडील यंत्रास सांगतात, 'माझ्या मुलीस पत्र लिहिण्यास मदत कर.' जाहिरातीचा हेतू चांगला होता. पण पाहणारे नाराज झाले. लहान मुलीचे वेडेवाकडे अक्षर, तिच्या चुका आणि तिचे स्वतःचे शब्द हेच त्या पत्रातील धन होते, असे त्यांचे म्हणणे पडले. टीका इतकी झाली की, कंपनीने ऑलिंपिकच्या प्रक्षेपणातून ती जाहिरात मागे घेतली.

पत्राचा विषय निघाला म्हणजे मराठवाड्याच्या भूमीची आठवण होणे साहजिक आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ देवगिरीचा किल्ला आहे. तेथे तेराव्या शतकात यादवांचे राज्य होते आणि हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, हे त्यांचे प्रमुख अधिकारी होते. कारभारातील लेखन कसे करावे, याचे नियम सांगणाऱ्या 'मेस्तकां'चे कर्तृत्व परंपरेने त्यांच्याकडे दिले जाते. पत्रलेखनाच्या ठरावीक रीती मराठी माणसाने पुढेही सांभाळल्या. वडिलांस 'तीर्थरूप' लिहावे, धाकट्यास 'चिरंजीव' लिहावे, थोरांस साष्टांग नमस्कार करावा आणि लहानांस आशीर्वाद द्यावा, असे मायने ठरलेले असत. तयार शब्दांचा आधार घेणे ही गोष्ट तेव्हा आपणास नवी नाही. मात्र मायना तयार असला, तरी खालचा मजकूर ज्याचा त्यालाच सुचावा लागे. ज्यांस लिहिता येत नसे, ते मुंबईच्या मोठ्या टपाल कचेरीसमोर बसणाऱ्या पत्रलेखकांकडे जात. तेथेही लेखणी दुसऱ्याची असली तरी निरोप त्यांनाच सांगावा लागे. आजचे यंत्र मायन्याबरोबर मजकूरही देऊन टाकते. नवेपणा आहे तो यात.

त्याच काळातील ज्ञानदेवांची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्यांच्या पूर्वजांचे आपेगाव पैठणजवळच आहे. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून चांगदेव या वयोवृद्ध योग्यास त्यांना पत्र लिहावेसे वाटले. पण मायन्यापाशीच त्यांची लेखणी अडली. ज्ञानदेव वयाने लहान, म्हणून 'चिरंजीव' लिहावे, तर ते ज्ञानाने थोर. थोर म्हणून 'तीर्थरूप' लिहावे, तर ते वयाने लहान. अखेर चांगदेवांनी कोराच कागद पाठवला. मुक्ताबाईने त्या कोरेपणाची थट्टा केली, असे सांगतात. ज्ञानदेवांनी मात्र त्या कोऱ्या पत्रास ६५ ओव्यांचे उत्तर दिले. तीच 'चांगदेव पासष्टी' होय.

चांगदेवांजवळ आजचे यंत्र असते, तर क्षणात सुबक मायना मिळाला असता आणि पत्र कोरे राहिले नसते. पण मग चांगदेवांच्या मनात जो प्रश्न उभा राहिला, तो राहिला असता काय? 'हा माणूस माझा कोण? मी याच्यापुढे केवढा?' हा तो प्रश्न होता. शब्द न सुचणे म्हणजे नेहमीच दुबळेपणा नव्हे. पुष्कळदा त्याच क्षणी आपण समोरच्या माणसाचा खरा विचार करीत असतो. मृदू कौशल्यांचे बीज या अडखळण्यातच रुजते.

हे आपल्या रोजच्या जीवनातही दिसते. समजा, मुकुंदवाडीतील एका मुलाच्या मित्राची आजी वारली आहे. काय बोलावे, हे त्यास सुचत नाही. तो दूरध्वनी उघडतो आणि यंत्रास संदेश लिहावयास सांगतो. यंत्र शुद्ध व गंभीर वाक्ये देते. तो संदेश कोणासही पाठवता येईल असा असतो. उणीव नेमकी तीच आहे. ही आजी दोघांच्या हातांवर शेंगदाण्याचे लाडू ठेवीत असे आणि अंधार पडला की ओट्यावरून दोघांनाही हाका मारीत असे, हे यंत्रास कोठून ठाऊक असणार? त्या मुलाने मित्राच्या घरी जावे, त्याच्याजवळ उगीच बसावे आणि 'आजींचे लाडू आठवतात रे' एवढेच म्हणावे. त्याचा आवाज कापेल, वाक्य अर्धे राहील. पण मित्रास ते जन्मभर आठवेल. शिवाय पुढे असा प्रसंग आला, तर त्या मुलाचे पाऊल आज अडखळले तसे अडखळणार नाही.

यंत्राच्या सहवासाचा आणखी एक धोका आहे, तो म्हणजे खुशामतीची सवय. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीत एक बदल केला. त्यामुळे ते लोकांच्या भलत्यासलत्या बोलण्यासही मान डोलवू लागले. त्याचा तोंडपुजेपणा एवढा वाढला की, थोड्याच दिवसांत तो बदल मागे घ्यावा लागला. खरा मित्र कधी कधी 'तुझेच चुकले' असे म्हणतो. तो कंटाळतो, रुसतो, उत्तर देण्यास वेळ लावतो. त्याच्याशी जमवून घेता घेता आपल्या अंगी सहनशीलता येते. कधीही न रुसणाऱ्याशीच बोलण्याची सवय झाली, तर रुसलेल्याची समजूत काढणे कोठे शिकावे?

मग यंत्र वापरूच नये काय? तसे नाही. कोणत्या कामास ते वापरावे आणि कोणत्या कामास वापरू नये, हा विवेक हवा. पत्र आधी स्वतः लिहावे. मग त्यातील शुद्धलेखन यंत्रास तपासण्यास सांगावे. सभेत बोलायचे असेल, तर यंत्रास प्रश्न विचारावयास लावून सराव करावा. अर्जाचा नमुना त्याच्याकडून समजून घ्यावा, पण तो जसाच्या तसा उतरू नये. भांडण झाले असेल, तर क्षमा समक्ष मागावी. अशा अनेक सेवांच्या वापरास वयाची अट असते, म्हणून घरातील वडीलधाऱ्यांस विचारूनच त्या वापराव्यात. आपले किंवा दुसऱ्याचे खासगी गुपित त्यांस सांगू नये. आणि यंत्राची मदत घेतली असेल, तर ती लपवू नये. प्रामाणिकपणा हेही मृदू कौशल्यच आहे. किंबहुना इतर सर्व कौशल्ये त्यावरच उभी आहेत.

मुकुंदवाडीच्या स्थानकावर गाडी क्षणभरच थांबते. दाराशी भरलेली घागर घेऊन एखादे मूल उभे आहे, असे समजा. अशा वेळी गाडी केव्हा येणार, पाणी कोठे मिळणार, हे यंत्र सांगू शकेल. घागरीस हात लावण्याची विनंती किती नम्र शब्दांत करावी, हेही ते सुचवील. परंतु ते शब्द आपल्या मुखाने उच्चारण्याचे धैर्य त्या मुलापाशीच हवे, आणि ते ऐकून आपली जागा सोडून पुढे येण्याची बुद्धी प्रवाशाच्या मनात उपजावी लागते. ही दोन्ही अंगी येण्यास लहानपणापासून माणसांत वावरावे लागते, चुकावे लागते आणि चूक सुधारून पुन्हा बोलावे लागते.